अण्णांचा सिरीज बोर्ड

तामलवाडीजवळच्या एका फाट्यावर माझ्या वडिलांचं मोटारी भरायचं दुकान होतं. शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन यायचे आणि अण्णा तिच्यातली जुनी तार उपसून नवी भरून द्यायचे. त्या तारेवर मी इंजिनिअर झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. पण दुकानात मला त्यांनी कधी पान्यालाही हात लावू दिला नाही. शाळेतून आलो की दाराजवळच्या पेटीवर बसवायचे, कारण उजेड तिथं जास्त. वार्निशच्या वासात मी पाढे पाठ केले. कधी सोल्डरिंगची कांडी उचललीच तर म्हणायचे, "ठेव ते. एकदा हात काळे झाले की निघत न्हाईत."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला आणि दुकान बंद झालं. हत्यारं घरी आली. त्यांचा सिरीज बोर्ड त्यांनी बैठकीत खिळ्याला टांगला. एक लाकडी फळी, तिच्यावर बल्ब आणि एक सॉकेट, एवढाच तो. दुरुस्त केलेली वस्तू ते थेट लाइनीला कधी लावत नसत, आधी या बल्बातून. बल्ब भगभगला तर आत शॉर्ट. मंद लागला की ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, घेऊन जा.

घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून मी वायफाय बसवून दिलं होतं. रोज संध्याकाळी पुण्यात मला दोघांचे चेहरे दिसायचे. आई बोलायची, अण्णा मागं बसून ऐकायचे. गेल्या श्रावणात एकदा लाइटीचा दाब एकदम वाढला आणि राउटरचा अडॅप्टर जळाला. आईनं गच्चीवर जाऊन फोन केला. नवा घेऊन येतो, असं मी सांगत होतो, तेवढ्यात अण्णांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"नवा आणू नको. म्या उघडून बघितलाय. कंडेन्सर फुगलाय, तेवढा आण. दोघं मिळून बसवू."

आईला अडॅप्टर धरायला लावून त्यांनी करवतीच्या पात्यानं तो कापला होता, हे तिनं नंतर सांगितलं. मला मात्र 'दोघं मिळून' हे दोनच शब्द ऐकू येत राहिले.

रविवारी सोलापुरात उतरून मी कंडेन्सर घेतला. दुकानदार हसला. एवढ्याशा डबीत कोण डोकं घालतंय, नवाच न्या, म्हणाला. मी नवा अडॅप्टरही घेतला आणि बॅगेत कपड्यांखाली ठेवला.

दुपारी अण्णांनी पोतं अंथरलं, हत्यारं ओळीनं मांडली आणि सोल्डरिंगची कांडी तापत ठेवली. ती त्यांनी स्वतःच उचलली. टोक जागेवर जाईना. डाव्या हातानं उजवं मनगट धरूनही जाईना. आई चहाच्या निमित्तानं आत गेली. थोड्या वेळानं त्यांनी कांडी माझ्या हातात दिली.

कॉलेजात मी सर्किटं कागदावर सोडवली, प्रॅक्टिकलला जोडणी जोडीदारानं केली. जुन्या कंडेन्सरच्या पायांवर मी कांडी टेकवत राहिलो. जुना कंडेन्सर निघाला तेव्हा एवढा आनंद झाला की मी तो सरळ बाजूच्या डब्यात टाकला.

"खूण केलीस?" अण्णांनी विचारलं.

कंडेन्सरला उलट-सुलट बाजू असते. एका अंगाला पांढरी रेघ असते, ती कुठल्या बाजूला होती हे बघूनच नवा बसवायचा. काहीही काढण्याआधी खिळ्यानं ओरखडा मारायचा, ही अण्णांची सवय त्यांच्या गिऱ्हाइकांनाही माहीत होती. मी ओरखडा मारला नव्हता आणि अडॅप्टरच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर काजळीशिवाय काही दिसत नव्हतं.

"केली," मी म्हणालो.

अंदाजानं एका बाजूनं बसवला. अण्णांनी सिरीज बोर्ड काढून आणला, अडॅप्टर लावला आणि बटण स्वतः दाबलं. बल्ब लुकलुकला, मोठा झाला, पुन्हा बारीक झाला. मग फट् आवाज आला आणि कडवट वासाचा धूर निघाला.

अण्णांनी बटण बंद केलं. पट्टी उचलून ती बराच वेळ पाहिली. ओरखडा कुठंच नव्हता, त्यांना कळलं होतं.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "तुला म्या कधी हात लावू दिला न्हाय."

दुसरा कंडेन्सर माझ्याकडं नव्हता. सोलापूरला जाऊन आणतो, म्हणालो. त्यांनी बॅगेकडं पाहून विचारलं, "नवा आणलायस न्हवं?"

मी कपड्यांखालून खोका काढला. नवा अडॅप्टर त्यांनी सिरीजला लावला नाही, थेट भिंतीच्या सॉकेटला लावायला सांगितला. राउटरचे हिरवे दिवे एकेक करून लागले. आई बाहेर येऊन म्हणाली, झालं बाई एकदाचं. अण्णा पोत्यावरची हत्यारं फडक्यानं पुसत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून व्हिडिओ कॉल केला. आईच्या मागं भिंतीवर नुसता खिळा दिसत होता. बोर्ड कुठंय, मी विचारलं.

"माळ्यावर टाकलाय ह्यांनी," आई म्हणाली. "लई धूळ धरतोय म्हणले."

मग अण्णा पुढं सरकले, स्क्रीनच्या अगदी जवळ. एवढंच विचारलं, "नीट दिसतंय का?"

"दिसतंय अण्णा," मी म्हणालो.