दहा तिशरीन

आमच्या बिल्डिंगमध्ये मला अरबी येतं असा सगळ्यांचा समज होता आणि तो मी कधी मोडला नाही. कुवेतच्या अब्बासियातल्या त्या चार मजल्यांत निम्मे केरळचे, बाकी आम्ही रत्नागिरी-रायगडकडचे. कुणाच्या दाराला नोटीस चिकटली, कुणाला औषधाच्या खोक्यावरचं काही कळेना, की म्हणायचे, दुसऱ्या मजल्यावरच्या भाभीला विचारा. भाभी म्हणजे मी. मी चष्मा लावायची आणि खडाखडा वाचून दाखवायची. अर्थ मला निम्मा कळायचा, उरलेला मी अंदाजाने ठोकून द्यायची. खाडीकाठच्या आमच्या गावात लहानपणी छडी खाऊन अक्षरं शिकले होते, कुराण कितीदा तरी पुरं केलं होतं. माझ्या उच्चारात कुणी चूक काढून दाखवावी. वाचणं वेगळं आणि समजणं वेगळं, हे मात्र मी स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हते.

आमचे हे अर्दियाच्या एका गोदामात अठरा वर्षं स्टोअरकीपर. मार्चच्या मध्यावर तीन महिन्यांच्या रजेवर गावी गेले आणि परतायला चार दिवस उरलेले असताना जेटीवरच्या शेवाळावरून घसरले. घोटा मोडला. रत्नागिरीत ऑपरेशन झालं, आत स्क्रू घातले आणि डॉक्टर म्हणाले, तीन महिने या पायावर भार नको, मग स्क्रू काढू. आता कुवेतचा नियम असा की सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की तुमचा इकामा, म्हणजे इथे राहायची परवानगी, रद्द. यांचा गेला की माझाही गेला, कारण मी यांच्याच इकाम्यावर. आणि पोरीचाही गेला, जिची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत होती आणि जिने गाव फक्त सुट्टीत पाहिलेलं होतं. एका माणसाच्या घोट्यावर आमचं तिघांचं घर उभं होतं.

कंपनीने मुदतवाढीचा अर्ज केला. ऑगस्टमध्ये कंपनीच्या मंदूबने, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणाऱ्या माणसाने, मला गोदामाच्या गेटवर बोलावून घेतलं. तो सिरियाचा, अलेप्पोकडचा. मोडक्या हिंदीत म्हणाला, “बहन, परमिशन मिल गया. ये तारीख तक आदमी वापस. एक दिन भी ज्यादा नहीं.” आणि सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडून त्यावर तारीख लिहिली. मग विचारलं, “मालूम?” आता तिथे मी तोंड उघडून एवढंच विचारायचं होतं की बाबा, हा कुठला महिना? पण मी कसली विचारते. मी त्याच्यासमोर मोठ्याने वाचलं, “दहा, तिशरीन अल-अव्वल.” तो खूश झाला आणि म्हणाला, “माशाल्लाह.” त्या माशाल्लाहने माझा घात केला.

तिशरीन हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण आमच्याकडे महिन्यांची अरबी नावं घेतो कोण? आमच्या आज्या-पणज्यांचे महिने सणांवर चालायचे. बारावफातचा महिना, ग्यारवीचा महिना, शबेबरातीचा, रमजानचा, बकरीदीचा. मधल्या ज्या महिन्यांत सण नाही ते तसेच बिननावाचे पडून असायचे. मला वाटलं, अरबी महिना म्हणजे आपला चांदाचाच महिना, दुसरा कुठला असणार? ‘अव्वल’वाले महिने दोनच. एक बारावफातचा, तो मला पाठ. मग राहिला दुसरा, जमादिलावल. हे सिरियावाले त्यालाच तिशरीन म्हणत असतील. भिंतीवर वाण्याने दिलेलं कॅलेंडर होतं, त्यात चांदाच्या तारखा बारीक अक्षरांत. बोट ठेवून बघितलं तर जमादिलावलची दहावी तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला येत होती. मी तिथल्या तिथे यांना फोन लावला आणि म्हटलं, एक नोव्हेंबरपर्यंत मुदत मिळाली, निवांत बरे व्हा. पोरगी सोफ्यावरून म्हणाली, “मम्मी, आर यू शुअर?” मी म्हटलं, तू तुझं फिजिक्स बघ.

निवांत म्हटल्यावर आमचे हे निवांतच झाले. डॉक्टर सप्टेंबरच्या पंधरा तारखेनंतर कधीही स्क्रू काढायला तयार होते. यांनी आधी पुतण्याचा साखरपुडा उरकला, पाहुण्यांना पोचवलं, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी ऑपरेशन टेबलावर चढले.

त्यानंतर दोनच दिवसांची गोष्ट. मी रुमैथियात बायकांच्या कपड्यांच्या एका दुकानात शिवणकाम करते. आमचा कटिंग मास्तर इजिप्तचा, दोन मशीनवर आम्ही दोघी, आणि एक मोठं रजिस्टर, ज्यात कपडा कधी द्यायचा ते लिहायचं. कुवेतच्या बायका महिन्याला नावाने हाक मारतच नाहीत, नंबराने मारतात. शहर सबा म्हणजे सातवा महिना, शहर अशरा म्हणजे दहावा. त्यामुळे इतकी वर्षं दुकानात काढून मला महिन्यांची नावं कधी लागलीच नव्हती. त्या दिवशी दमास्कसची एक बाई आली. हिरवा ड्रेस, बाह्या दोन बोटं आखूड करायच्या. तिच्या मुलीचं लग्न होतं. मी विचारलं, कधी? ती म्हणाली, “बारा तिशरीन अल-अव्वल.”

मी हसले. म्हटलं, मग पुष्कळ वेळ आहे, पुढच्या महिन्यात या. ती माझ्याकडे बघतच राहिली. “पुढच्या महिन्यात? अगं, लग्न दहा दिवसांवर आहे.” आणि मी तोंडाकडे बघतेय म्हटल्यावर तिने दोन्ही हातांची दहा बोटं माझ्यासमोर धरली. “शहर अशरा. ऑक्टोबर.”

त्या दहा बोटांकडे बघून माझे हातपाय गार पडले. टाचण्या तोंडात होत्या, त्या मी एकेक करून बाहेर काढल्या, कारण आपण गिळून टाकू अशी भीती वाटली. बारा तारीख दहा दिवसांवर, तर दहा तारीख आठ दिवसांवर. आणि आमचे हे तिकडे खाटेवर, टाके ओले.

बाई गेल्यावर मी मास्तरला विचारलं, तिशरीन काय असतं? तो कात्री चालवता चालवता सांगायला लागला, आणि त्याला काय, तो मजेत होता. म्हणे, आम्ही इजिप्तवाले ऑक्टोबरला उक्तूबर म्हणतो, तुमच्यासारखंच. सिरिया, लेबनॉन, इराककडे जुनी नावं आहेत. त्यांचा जुलै म्हणजे तम्मूज, ऑगस्ट म्हणजे आब. तिशरीन दोन, पहिला ऑक्टोबर, दुसरा नोव्हेंबर. ट्युनिसवाले तर फ्रेंचांची नावं घेऊन बसलेत, ऑगस्टला ऊत म्हणतात. “एकच सूर्य, एकच महिना, आणि प्रत्येकाच्या तोंडात वेगळं नाव,” असं म्हणून तो हसला. मी म्हटलं, मास्तर, हसू नका, माझं घर बुडतंय. मग त्याने कात्री खाली ठेवली.

मंदूबला फोन लावला तर बंद. कंपनीत विचारलं तर म्हणाले, तो महिनाभराच्या सुट्टीवर आपल्या मुलखात गेला, फाइल त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्याकडे. म्हणजे खरी तारीख सांगणारी वस्तू जगात एकच, माझ्या पर्समधला तो पुठ्ठा. बसमधून घरी येताना मी तो तीनदा काढून वाचला. अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं.

घरी येऊन यांना फोन केला. खरं सांगायला हवं होतं. पण जीभ रेटेना. मी म्हटलं, “अहो, सरकारने तारीख बदलली. दहा ऑक्टोबरच्या आत यायला लागेल.”

पलीकडून म्हणाले, “अगो, परवा तर ऑपरेशन झालंय माझं. टाके बारा दिवसांनी काढायचेत. आधीच सांगितलं असतं सरकारने, तर मी पंधरा तारखेलाच टेबलावर चढलो नसतो काय?”

“सरकारला कोण विचारणार?” मी म्हटलं.

“बरं, बघतो,” ते म्हणाले. त्यांचं ते ‘बरं’ ऐकून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पोरगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि तिला सगळं कळलं होतं. ती आपल्या खोलीत गेली.

पुढचे दिवस कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, पाय लोंबकळत ठेवून एवढा प्रवास नको, सूज चढेल, रक्ताची गाठ झाली तर जिवावर बेतेल. ही गाठीची गोष्ट दिरांनी मला फोनवर सांगितली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दोनच चित्रं. एकात हे विमानात बसल्या जागी मान टाकतात. दुसऱ्यात हे धडधाकट उतरतात आणि खिडकीमागचा शिपाई म्हणतो, मुदत संपली, परत जा. दोन्हींत गुन्हेगार मीच. चहात मीठ घातलं, दमास्कसच्या बाईची एक बाही दुसरीपेक्षा आखूड कापली आणि मग मास्तरने गुपचूप ती सांधून दिली. बिल्डिंगमधली एक मल्याळी बाई विजेच्या मीटरची नोटीस घेऊन आली, तेव्हा मी दार अर्धवट उघडून म्हटलं, मला बरं नाही. खरंच बरं नव्हतं. पुठ्ठ्यावरचा एक आकडा मी चुकीचा वाचला असेल तर? अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका, दहा नसून एक असेल तर? ज्या अक्षरांची मला इतकी मिजास होती, त्यांच्याकडे बघायचीही मला भीती वाटायला लागली.

तिकीट नऊ तारखेचं मिळालं. गावापासून मुंबईपर्यंत दिरांनी गाडीच्या मागच्या सीटवर पाय उशीवर ठेवून आणलं. मी आणि पोरगी दुपारीच एअरपोर्टवर जाऊन उभ्या राहिलो. विमान उतरल्याचं पाटीवर आलं. अर्ध्या तासात लोक बाहेर यायला लागले, खोकी, बॅगा, कडेवरची पोरं. तासाभराने गर्दी विरळ झाली. मग फक्त विमानातले कर्मचारी आले, आपल्या छोट्या बॅगा ओढत. यांचा फोन लागत नव्हता. मी कठड्याला धरून उभी होते, आणि आत कुणीतरी आपल्या माणसाला म्हणतंय, परत जा, परत जा, असं मला ऐकूच यायला लागलं. पोरीने माझा हात धरला. तिचाही हात ओला होता.

मग काचेचा दरवाजा सरकला आणि एका पोरसवदा हमालाने ढकललेल्या व्हीलचेअरवर आमचे हे आले. तोंड उतरलेलं, उजव्या पायाला पांढरी पट्टी आणि पट्टीवर घोट्यापाशी रुपयाएवढा लाल डाग. मी तो डाग बघितला आणि मला सलामसुद्धा सुचला नाही. तेच म्हणाले, “घेतलं आत. बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये बघत होता, दुसऱ्याला बोलावलं, मग म्हणाला, उद्या शेवटचा दिवस होता तुझा.”

घरी पोचलो तर बिल्डिंग जमलेली. खालच्या मजल्यावरच्यांनी सरबत आणलं. यांचा पाय उशीवर ठेवला. सूज गुडघ्यापर्यंत चढली होती आणि एक टाका उसवला होता, तरी हे खुशीत होते. सगळ्यांना सांगायला लागले, “हिला अरबी येतं म्हणून आज मी इथे बसलोय. तारीख बदलली ते आम्हाला कोण सांगणार होतं? हिनेच हुडकून काढलं. नाहीतर गेलो होतो बाराच्या भावात.” लोकांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी सरबताचे पेले गोळा करत राहिले.

लोक गेले. मी भाकऱ्या थापायला उठले. तेव्हा पोरगी, जी आमच्याशी सदा इंग्रजीतच बोलते, जिला मी मराठीत विचारलं तरी यस-नो करते, ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाली, “मम्मी, सांग ना.”

मी हात पुसले, पर्समधून पुठ्ठा काढला आणि यांच्या पुढ्यात जाऊन बसले. सगळं सांगितलं. तारीख कुणी बदलली नव्हती. पहिल्या दिवसापासून दहा ऑक्टोबरच होती. मी वाचली, मला कळली नाही, आणि कळली नाही हे मला म्हणवेना.

हे रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. पुठ्ठा त्यांनी हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आपल्या पायाकडे बघितलं.

“मग तुला कळलं कसं?”

“गिऱ्हाईक आलं होतं. तिच्या मुलीचं लग्न आहे, बारा तारखेला. ती म्हणाली तेव्हा कळलं.”

त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, “आणि तिच्या पोरीचं लग्न डिसेंबरात असतं तर?”

ते माझ्या समोर होते, पाय उशीवर होता, इकामा शाबूत होता, तरी माझे हातपाय पुन्हा तसेच गार पडले.