एका छपराखालची सही

हजेरी घेण्याची हौस माणसाला किती असावी याला काही मर्यादा असते, असे मी बायकोच्या मामांना भेटेपर्यंत समजत होतो. उद्या यमराज स्वतः न्यायला आले, तरी मामा त्यांना दाराशी थांबवून 'उशीर का झाला?' असे विचारतील, याबद्दल मला शंका नाही.

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, फ्रीगंज भागात, जी मराठी शाळा होती तिचे मामा शेवटचे मुख्याध्यापक. पोरे इंग्रजी शाळांकडे वळली, पट घसरत घसरत अकरावर आला आणि कुलूप मामांनाच लावावे लागले. पुढे संस्थेने तिथे कलाकेंद्र काढले, पण अट घातली. वर्षभर वर्ग भरले तर ठीक, नाहीतर इमारत पाडून तिथे गाड्या उभ्या करायच्या. किल्ली अर्थातच मामांकडे आली. पट नाही म्हणून एकदा शाळा गेली होती, आता पुन्हा ती जाऊ द्यायची नाही, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते.

त्यामुळे झाले असे, की कलाकेंद्र आले पण शाळा काही गेली नाही. पाचच्या ठोक्याला पितळी घंटा, मग प्रार्थना, मग हजेरी. तबलेवाले, चित्रेवाले, भैरवगढच्या चाचांकडे कापडावर ठप्पे मारायला शिकणाऱ्या बायका आणि पेटीवर झटापट करणारे माझ्यासारखे चौघे, असे सगळे जुन्या सातवीच्या वर्गात बसतो. बाक बारा वर्षांच्या पोरांच्या मापाचे, पोटे साठीची. 'हजर' बारीक आवाजात निघाले की मामा पुन्हा म्हणायला लावतात.

एकदा रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे तबलजी दोन दिवस आले नाहीत. मामांनी त्यांना वऱ्हांड्यातच अडवले. "घरून चिठ्ठी आणा. आणि सही तुमच्याबरोबर एका छपराखाली राहणाऱ्या माणसाचीच पाहिजे, शेजाऱ्याची चालणार नाही." तबलजींच्या बायकोने लिहून दिले, 'हे दोन दिवस घरीच होते, पण काही उपयोगाचे नव्हते.' मामांनी ती चिठ्ठी गंभीरपणे फायलीला लावली. सत्तरीच्या एका आजींनी सुनेची सही आणली. सही करताना सून इतकी खूश झाली, की पुढच्या महिन्याच्याही आत्ताच करून देऊ का, असे विचारत होती म्हणे. चाचा मात्र भडकले. "मास्साब, मैं तो यहाँ उस्ताद हूँ। मुझसे भी चिट्ठी?"

"उस्ताद हो, तो दो लाओ," मामा म्हणाले.

गेल्या थंडीत मामा स्वतःच चार दिवस तापाने पडून होते. घंटा मी वाजवली, हजेरीही मीच घेतली, पण वर्गात कोणाचा जीव रमेना. पाचव्या दिवशी मामा मफलर गुंडाळून आले आणि वऱ्हांड्यात उभे राहिले. आत येईचनात.

"मामा, या ना आत, बाहेर गार आहे."

"चिठ्ठी कुठे आणलीय मी, जावईबापू?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मग तुमच्या भाचीची सही आणतो."

"ती तुमच्या छपराखाली राहते. माझ्या छपराखाली आता कोणी नाही."

मामी जाऊन सहा वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात रंगाने निळे झालेले हात पुसत चाचा बाहेर आले. "मास्साब, एक बात बताओ। पाँच से सात हम सब किसकी छत के नीचे रहते हैं?"

मामा वर बघत राहिले. चाचांनी माझ्या वहीतला कागद फाडला. मी त्यावर 'ताप होता' एवढे लिहिले आणि सहीच्या जागी चाचांनी लाकडी कोयरीचा निळा ठप्पा मारला. त्याखाली तबलजींनी सही केली, आजींनी केली, मग सगळ्या वर्गानेच केली. मामांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "अक्षर सुधारा," एवढेच मला म्हणाले आणि आत येऊन त्यांनी हजेरीपट उघडला.

मार्चमध्ये संस्थेची माणसे तो हजेरीपट बघून गेली आणि गाड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. ती चिठ्ठी मात्र फायलीत नव्हती, मी शोधून पाहिली होती. परवा बायकोने मामांचे जाकीट धुवायला काढले, तेव्हा आतल्या खिशात सापडली. घड्या घालून घालून कोयरी पुसट झाली होती. बायकोने ती होती तशी खिशात ठेवली आणि जाकीट न धुताच पुन्हा खुंटीला अडकवले.