नारळ भिलाईत उठला, झरा फ्रान्समध्ये लागला

आधीच कबूल करून टाकतो. मुलीला फ्रान्समध्ये काम मिळालं तेव्हा मी अख्ख्या सेक्टरमध्ये पेढे वाटत सांगितलं, "पोरगी पॅरिसला चालली." पंधरा दिवसांनी कळलं की तिच्या गावाहून पॅरिसला जायचं तर आधी तासभर बस, मग दोन गाड्या. गावात माणसं अडीचशे, गाई त्याहून जास्त, आणि दुकान एकच... तेही दुपारी बंद. पेढे मात्र पचले होते लोकांना, परत कसे मागणार?

तर असा हा मी. भुतंखेतं, करणी, अंगात येणं, यातलं काही म्हणजे काहीच मी कधी मानलं नाही. तीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटच्या पाणीपुरवठ्यात आहे. पंप, व्हॉल्व्ह, पाइपलाइन. माझा देव म्हणजे प्रेशर गेज. जे गेजवर दिसत नाही ते नाही, असा आपला सरळ हिशोब.

आणि लग्न कुणाच्या घरात व्हावं? पाणाड्याच्या! माझे सासरे तुमसरकडचे. हाताच्या पंजावर शेंडीवाला नारळ आडवा ठेवून अनवाणी शेतातून चालायचे. खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहायचा, आणि लोक तिथे विहीर खणायचे. मी पहिल्याच दिवाळसणाला विचारलं होतं, "मामाजी, सेन्सर शेंडीत बसवला का बुडात?" ते मोठ्याने हसले. बायको, सुनंदा, हसली नाही. सासरे जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण माझा तो जोक चालूच होता. पाहुणे आले की हमखास.

आता त्या गावाचं सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं... किंवा इथे घडलं. तेच तर कळत नाही.

नाव लिहीत नाही. मला ते अजून धड म्हणताही येत नाही. पण दर रविवारच्या व्हिडिओ कॉलमुळे ते गाव मला दुर्गच्या बाजारापेक्षा जास्त पाठ झालंय. चुनखडीच्या टेकडीच्या उतारावर वसलेलं, खाली लहानशी नदी. वर चर्च, इतकं जुनं की त्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. गावचं पंचायत ऑफिस आणि शाळा एकाच इमारतीत. समोर युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेला दगड. त्यावरची नावं आज शाळेत असलेल्या पोरांपेक्षा जास्त आहेत. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा रेणूने, म्हणजे आमच्या मुलीने, एकेक नाव वाचून दाखवलं. मी मोजत गेलो.

मग सार्वजनिक भट्टी. अख्खं गाव आठवड्यातून एकदा तिथे पाव भाजायचं. आणि उताराच्या पायथ्याशी गावाचं धुणं धुवायचं कुंड. वर लाकडी छप्पर, चारी बाजूंनी आत उतरते दगड. बायका गुडघे टेकून तिथे कपडे धुवायच्या आणि सगळ्या गावाच्या बातम्याही. आपल्याकडे तळ्याच्या घाटावर चालायचं तसंच! आम्हा भिलाईवाल्यांना या सगळ्याचं फार कौतुक. आमच्या गावाचा इतिहास आमच्या काकांना आठवतो तेवढाच. इथे जुनं म्हणजे काय, तर ज्या क्वार्टरला तीनदा डिस्टेंपर लागलं ते.

रेणू जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारी आर्किटेक्ट. ते कुंड पुन्हा चालू करायचं, हे तिचं काम. दगड बसले, छप्पर झालं. पण कुंडाला पाणी देणारा झराच सापडेना. वरची चर कधीतरी बुजली होती, आणि ती कुठून यायची हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. रेणूने गावच्या सभेत छातीठोक सांगितलं होतं, "पाणी आहे, मी काढून दाखवते." दोन ठिकाणी खोदलं. कोरडं.

इथे तज्ज्ञ म्हणून अस्मादिक पुढे झाले. तिने पाठवलेला नकाशा डायनिंग टेबलवर पसरला, उताराचा हिशोब केला, आणि सांगितलं, "पूर्वेला खोद. तीस वर्षांचा अनुभव बोलतोय."

तिसरा खड्डाही कोरडा.

त्या रविवारी फोन आला तेव्हा आमच्याकडे दुपारचे साडेबारा, तिकडे सकाळचे नऊ. रेणूचा चेहरा उतरलेला.

"उद्या सकाळी लास्ट चान्स आहे आई. दोपहर को खुदाई की मशीन वापस. मग कुंड बुजवून पार्किंग करणार. और मेरा कॉन्ट्रॅक्ट भी बस यहीं तक."

"मग ये न बाप्पा घरी," सुनंदा म्हणाली. "तुयी खोली झाडून ठेवली हाय मी. रायपुरात का कमी कामं हायेत?"

"पण अशी नाही ना आई. हरून नाही यायचं मला." आणि ती रडायलाच लागली. एवढी घोडी, पण रडताना अजून बालवाडीतल्यासारखीच नाक पुसते.

सुनंदा उठली. स्वयंपाकघरात गेली आणि चटणीसाठी आणलेला नारळ घेऊन आली. चपला काढल्या, हॉलच्या मधोमध उभी राहिली, नारळ पंजावर आडवा ठेवला.

"तुमाले हसायचं असन त हसा," मला म्हणाली, "पण तोंड बंद करून हसा."

"अवो, पाणी फ्रान्सात, अन तू इथं पहिल्या माळ्यावर!"

"मी कुठं हाओ ते मालूम हाय मले." मग फोनकडे बघून, "बापाच्या मागं मागं लय फिरली मी लहानपनी. रेणू, चप्पल काढ अन चाल."

"आई, ठंडी है यहाँ! गवत ओलंय."

"काढ म्हनलं न."

रेणू फोन हातात धरून अनवाणी चालायला लागली. कुंडापासून वर, माझ्या खड्ड्याच्या बाजूने (तिथे सुनंदाने माझ्याकडे एक नजर टाकली), मग पश्चिमेला, जुन्या भट्टीच्या मागे. तिथे नुसता दगडांचा ढीग होता. तिकडे कोणी खोदायचा विचारही केला नव्हता.

भट्टीच्या मागे रेणू पोचली आणि भिलाईत नारळ उठला.

हळूहळू नाही हो. झोपलेला माणूस हाक मारल्यावर उठून बसतो ना, तसा. शेंडी सरळ पंख्याकडे.

"थांब," सुनंदा म्हणाली. "तिथंच."

मी हसलो नाही. पण मी पाणीपुरवठ्याचा माणूस, असा थोडाच सोडतो? म्हटलं, आपल्याच पाइपातलं पाणी असेल. खाली गेलो आणि आमच्या ब्लॉकचा व्हॉल्व्हच बंद करून आलो. दोन मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या भाभी ओरडल्या, "भैया, पानी काहे बंद कर दिए? मैं बाल धो रही हूँ!"

"टेस्टिंग चल रहा है!" मी वरून ओरडलो.

मग सुनंदाच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि तिला भिंतीकडे तोंड करून उभी केली. फोन घेऊन मी दारात. आवाज बंद. रेणूला मेसेज केला, मनाला येईल तशी फिर, मध्ये थांब, मागे ये. मला एका डोळ्याने पोरगी दिसत होती आणि दुसऱ्याने नारळ. पोरगी चर्चकडे गेली, नारळ झोपलेला. कुंडाकडे आली, झोपलेला. मुद्दाम गोल फिरली, झोपलेला. भट्टीच्या मागे गेली... उठला. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तीच जागा. चौथ्या वेळी खालच्या भाभी डोक्याला साबण तसाच घेऊन वर आल्या. डोळ्यांवर टॉवेल, हातात नारळ, असं आमचं कुटुंब बघून आल्या पावली परत गेल्या.

पण रेणूसमोर प्रश्न वेगळाच. सभेला सांगायचं काय? माझी आई इंडियात नारळ घेऊन उभी होती? मी म्हटलं, "काहीतरी टेक्निकल सांग. म्हणावं, बाबांनी नवीन हिशोब केला."

"बाबा, तुमच्या हिशोबाचं नाव काढलं तर मशीन आजच परत पाठवतील."

शेवटी तिने गावच्या सरपंचबाईंना खरं तेच सांगितलं. या बाई सकाळी शेळ्या पाळतात आणि दुपारी गाव चालवतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "माझे आजोबा हेझलच्या झाडाची फांदी घेऊन असंच पाणी शोधायचे. तुमच्या आईंना विचारा, किती खोल?"

सुनंदा म्हणाली, "छातीइतकं. दगड लागन, भिऊ नका म्हना."

सोमवारी मी पंप हाऊसमध्ये होतो. गेजसमोर बसून फोनकडे बघत होतो, जे मी नोकरीत कधी केलं नाही. मशीनने ढीग बाजूला केला, खाली माती लागली. कंबरेपर्यंत काही नाही. छातीपर्यंत आलं आणि खण्ण वाजलं. सपाट दगडी लादी. ती उचलली, खाली दगडांची बांधीव चर, आणि चरीतून... काय सांगू मंडळी, काचेसारखं पाणी! खळखळ आवाज मला इथे पंपांच्या घरघरीतसुद्धा ऐकू आला. रेणू त्या खड्ड्यात उतरून नाचत होती. सरपंचबाईंनी कोणालातरी चर्चची घंटा वाजवायला पिटाळलं. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की आमचा फिटर पळत आला, "सर, लाइन फट गई क्या?"

पुढच्या रविवारी कुंड भरलं. अख्खं गाव जमलं. लांब टेबलं, पाव, चीज, कुणाचा तरी अकॉर्डियन. एक म्हातारी आजी, नव्वदीच्या तरी असतील, दोघांना धरून गुडघ्यावर बसल्या, रुमाल पाण्यात बुडवला आणि त्या उतरत्या दगडावर घासला. घासता घासता काहीतरी बोलल्या. सगळं गाव हसलं. रेणूने सांगितलं, "म्हणतात, माझ्या सासूबाई बाजूला बसलेल्या नाहीत, त्यामुळे आज जास्त स्वच्छ निघतोय."

मग फोन टेबलवर उभा केला आणि अडीचशे लोकांनी आमच्या सुनंदासाठी टाळ्या वाजवल्या. सुनंदा डोक्यावर पदर घेऊन उभी. मी मागून हात हलवला. माझ्यासाठी कोणी वाजवल्या नाहीत. तिसरा खड्डा माझा, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

रेणूचं काम पक्कं झालं. आजूबाजूच्या गावांचीही अशीच कुंडं आहेत, तीही तिलाच दिली. आणखी तीन वर्षं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. खूप शोधलं. हिरवळ बघून ओळखलं म्हणावं, तर तिथे दगडांचा ढीग. फोनवर बघून म्हणावं, तर डोळ्यांवर टॉवेल. माझ्या चालण्याचा आवाज म्हणावं, तर मी दारात खांबासारखा उभा. प्लांटमधल्या शिकलेल्या मित्रांना विचारलं. एक म्हणाला योगायोग, एक म्हणाला व्हॉट्सॲपवर टाक. हे वाचणाऱ्या जाणकारांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा.

शेवटी एक थिअरी पटली होती मला. वाचलं होतं की अशा वेळी माणसाच्या मनात जे असतं त्याप्रमाणे हात नकळत हलतो. संध्याकाळी चहा घेताना मोठ्या ऐटीत सुनंदाला समजावलं. म्हटलं, "पोरीचं काम व्हावं असं तुला मनापासून वाटत होतं, म्हणून तुझ्या हाताने नारळ उठवला. सायन्स आहे हे."

तिने बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"मले असं वाटत होतं हे कोनं सांगतलं तुमाले? मी त सारा वेळ मनात म्हनून राहिली होती... उठू नको बाप्पा, उठू नको. तू नाई उठला त पोरगी घरी येते."