मामांच्या हातचे रोडगे

माझ्या लग्नाला तीन दिवस होते आणि माझे मामा उमरखेडहून एसटीनं आले ते पोट धरूनच. "मले काही झालं नाही, बस लागली," म्हणाले. लग्नघरात आलेल्या मामाला कोण खोटं पाडणार!

आमच्या घरी नवरीचे रोडगे, म्हणजे कणकेचे जाड भाजके गोळे, मामानंच चुरायचे असतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून निघालेल्या रोडग्यात कुठला जंतू टिकतोय? पण त्यानंतर मामांचे दोन्ही हात त्यात कोपरापर्यंत फिरले. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. मावशी मला घास भरवायला आली, पण मेंदी मनासारखी काढली नाही म्हणून मी रुसून बसले होते. त्या रुसव्यानं मला वाचवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी ओकली. मग आई, मग काका, मग शेजारची करवली. पाहुण्यांनी भरलेल्या घरात संडास एक! बाहेर काका टमरेल घेऊन ओरडत होते, "लवकर निघ ना वं! आत लगन लावून राह्यली काय?" मी हसून हसून खाली बसले, आणि लगेच घाबरले. बोहल्यावर मीच ओकले तर?

डॉक्टर म्हणाले, हा हातावरून पसरणारा विषाणू आहे, सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. साबण-पाण्यानं खसखसून हात धुवा, ओकारीची जागा ब्लीचिंगनं पुसा, बरं वाटलं तरी दोन दिवस स्वयंपाकाला हात लावू नका. स्वयंपाक आचाऱ्याकडे गेला आणि घराची सत्ता माझ्याकडे आली. हळद लावायला येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी नळावर पिटाळलं. "नवरी हाय का फौजदार?" मावशी कण्हत म्हणाली. मी मात्र बंद पुड्यातल्या बिस्किटांवर जगत होते.

लग्न लागलं. मी ताठ उभी होते, इतका आनंद मला नवऱ्याचाही झाला नव्हता. मग पंगतीत त्यानं जिलेबीचा घास माझ्या तोंडाशी आणला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हात धुतले का जी? साबणानं?"

आईनं मला चिमटा काढला. सासूबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यानं जिलेबी खाली ठेवली, फेट्यासकट नळावर गेला, साबण मागून घेतला आणि बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा फेस काढत राहिला. सगळी पंगत माना वळवून बघत होती.

तो कोपरापर्यंत ओल्या बाह्या घेऊन परत आला, आणि मला एकदम सपाटून भूक लागली.