सुनेसाठी शिकलेलं जपानी

पोरानं तिकडं जपानात, नोकरीच्या गावीच जपानी मुलीशी लग्न केलं आणि वर्षभरानं दिवाळीला तिला घेऊन अकोल्याजवळच्या आमच्या गावी येतो म्हणाला. मी लगेच मोबाईल हातात घेतला. दर वाक्याला मध्ये पोरगा लागणार असेल, तर ती सून कसली आणि मी सासू कसली! क्लास नाही, फी नाही. फुकटचे व्हिडिओ लावायचे आणि भाकरी थापता थापता त्यातल्या बाईमागून बोलायचं. आमचे हे गोठ्यातून ओरडायचे, "अगं, म्हैस बावचळली तुझं ऐकून! दूध देती का न्हाई आता?" बावचळू दे. मला सुनेशी बोलायचं होतं.

'ओइशी' म्हणजे चवदार, 'मोत्तो ताबेते' म्हणजे अजून खा. जेवणाखाण्याचं सगळं आधी पाठ केलं.

ती आली. हसरी, गोड पोर. पहिल्या दुपारी पोरगा मित्राकडं गेलेला, म्हणून मी तिला एकटीलाच जेवायला बसवलं. तिनं ताट पुसून लख्ख केलं. रिकामं ताट दिसलं की आपला हात थांबतो का? "मोत्तो ताबेते!" पुन्हा भात, पुन्हा आमटी. तिनं तेही संपवलं, जरा सावकाश. मी पुन्हा वाढलं. म्हटलं, काय गुणाची पोर, अजिबात लाजत नाही!

मग घास तिच्या तोंडातच फिरायला लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. अगं बाई! मी हबकलेच. तेवढ्यात पोरगा आला, ताट बघून त्यानं कपाळावर हात मारला. "आई, त्यांच्यात ताटात टाकत न्हाईत. तू वाढत राहशील तर ती खात राहील!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं शिकले, पण पुरे कसं म्हणायचं ते काही बघितलं नाही. आपल्याकडं पुरे म्हणणाऱ्याचं ऐकतं कोण?

रात्रीच्या जेवणाला पोरगा म्हणाला, "मी समजावतो तिला."

"तू गप बस," म्हटलं आणि पळी तिच्या हातात दिली. ती वाढायला आली की मी ताटावर हात आडवा धरायची, "बास!" ती खुदकन हसली. मग पळी मी घेतली आणि तिच्या ताटाकडं नेली.

तिनं दोन्ही हात ताटावर ठेवले. "आई, बास!"

लग्न होऊन वर्ष झालं होतं. आई म्हणून तिनं मला मारलेली ती पहिलीच हाक. पळी हातात धरून मी तिथंच रडले.