बाकावरचा देव

माझ्या बी.एस्सी.चं सगळं श्रेय मद्रासच्या आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या डेमॉन्स्ट्रेटरांना आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि ते नसते तर मीही ती चढून तसाच खाली उतरलो असतो.

तंजावरजवळच्या गावात माझी शाळा तमिळमधून झाली. कॉलेजात प्रोफेसर फळ्याकडे तोंड करून सुंदर इंग्रजीत शिकवत. घर्षणावर ते तासभर बोलले. मला एवढंच कळलं की घर्षण हा कुणीतरी मोठा माणूस असावा. चाचणीत नापास झालो. वडिलांनी कळवलं, "परीक्षेतही असंच झालं तर परत ये. किराणा दुकानात तुझ्यासाठी जागा बोलून ठेवली आहे."

प्रयोगशाळेत माझा चेहरा पाहून डेमॉन्स्ट्रेटर म्हणाले, "डेय, तुझ्या गावात देवळाचा रथ निघतो ना?"

"निघतो, सार. मी दरवर्षी ओढतो."

"जास्त जोर कधी लागतो?"

"जागचा हलवताना. एकदा चालू लागला की सोपं जातं."

"मग रडतोस कशाला? जागच्या रथाचं ते स्थिर घर्षण, चालत्याचं गतिमान. स्थिर नेहमी जास्त. चल, बस त्या बाकावर. तू देव."

बाकाला दोर बांधला. चार मुलं ओढू लागली. सर स्वतः गाल फुगवून तोंडाने नादस्वरम्, म्हणजे रथापुढची मोठी सनई, वाजवत होते. बाक एकदम सरकला आणि देव मागच्या मागे कोसळला.

"पडलास? उत्तम! ते जडत्व," सर म्हणाले. एका दुपारी दोन धडे झाले.

पंचाईत अशी, की शिकवलेलं इतकं पक्कं बसलं की दोराशिवाय मला बोलताच येईना. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक चांगले भरभक्कम होते. त्यांनी स्थिर घर्षणाबद्दल इंग्रजीत विचारलं. डोळ्यांपुढे किराणा दुकान आलं. मी हात जोडून तमिळमध्ये म्हणालो, "सार, कृपा करून आपण देव व्हा."

"काय होऊ?"

"देव, सार. फक्त बसायचं."

परीक्षकांनी आमच्या सरांकडे पाहिलं. सर आधीच बाकाला दोर बांधत होते. परीक्षक बाकावर बसले. मी ओढलं. काही हलेना.

"हे स्थिर घर्षण, सार!" मी धापा टाकत म्हणालो.

"नाही, हे माझं वजन," परीक्षक म्हणाले. इतक्यात बाक सुटला. त्यांचे पाय वर, चष्मा टेबलाखाली.

"मग आता हे कोणतं?" त्यांनी जमिनीवरूनच विचारलं.

"बाक चालला ते गतिमान घर्षण, सार. आपण पडलात ते जडत्व."

ते कपडे झटकत उठले. "बरोबर. पुढचा विद्यार्थी. आणि यापुढे मी उभाच राहीन."

निकाल लागल्यावर मी गावाहून सरांना हे पत्र पाठवलं:

"पूज्य सरांना साष्टांग नमस्कार.

पास झालो. परीक्षकसाहेबांची कंबर आता कशी आहे, तेवढं कळवावं. आईला मी सगळं समजावून सांगितलं, पण मला आपल्यासारखं शिकवता येत नाही. मुलाने मद्रासला देव पाडला आणि सरकारने खूश होऊन पदवी दिली, असं ती गावभर सांगत आहे. दुकानातली जागा वडिलांनी शेजारच्या मुलाला मिळवून दिली. मला इथल्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आहे.

एकच विनंती आहे. तो दोर पाठवाल का? बाक शाळेत आहेत, आणि हेडमास्तर अंगाने चांगले भरभक्कम आहेत."