विहिरीपासून गडग्यापर्यंत

खतिजाबी माझ्या लक्षात राहिल्या त्या एका फाटलेल्या प्रगतिपुस्तकामुळे. १९८४ साल असेल. त्यांची हुदा माझ्या वर्गात पाचवीला होती. हुदाचे वडील गुलाम रसूल शिडाच्या गलबताचे तांडेल, म्हणजे कप्तान. वर्षातले आठ महिने ते समुद्रावर, त्यामुळे सहीला आई आली. त्यांनी पेन बोटांत धरलंच नाही. मुठीत घेतलं आणि मागून तळहातानं दाबलं. टोक कागदातून आरपार गेलं.

"कागद पातळ हाय बाई तुमचा," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत, ओशाळल्याही नाहीत.

मग मी त्यांचा हात पाहिला. तळव्याच्या मधोमध रुपयाएवढा घट्टा होता. शिडाचं कापड इतकं जाड असतं की सुई बोटांनी शिरत नाही, तळहातानं रेटावी लागते. घरातले पुरुष समुद्रावर असत, म्हणून सासऱ्यांनी हे काम सुनेला शिकवलं होतं.

राजिवड्यातल्या त्यांच्या अंगणात मी पुढे अनेकदा गेले. दोऱ्याला लावायच्या मेणाचा वास तिथे कायम असे. विहिरीच्या कट्ट्यापासून रस्त्याकडच्या गडग्यापर्यंत, म्हणजे चिऱ्याच्या कुंपणापर्यंत, त्या दोरी ताणत. ती शिडाची लांब बाजू. नवऱ्याच्या 'सलामती' गलबताचं शीड बरोबर त्या अंगणाएवढं.

"फूट किती होतात?" मी एकदा विचारलं.

"फूट तुमच्या शाळेत. आमच्यात विहिरीपासून गडग्यापर्यंत."

तेव्हा खाडीच्या तोंडाशी शिडं दिसली की माझा वर्ग खिडकीकडे वळायचा. कुणाचे बाबा आले ते कळेपर्यंत गणित पुढे जात नसे. मीही खडू ठेवून बघत उभी राहायची. मग इंजिनं आली आणि तीन-चार वर्षांत खिडकीकडे बघायचं कारणच उरलं नाही. कौलं आणि मीठ वाहणारी सलामती भाट्याच्या खाडीत चिखलात एका कुशीवर पडून राहिली. गुलाम रसूल दुसऱ्याच्या लाँचवर कामाला लागले. बारा वर्षांपूर्वी ते गेले.

तीन वर्षांपूर्वी माझा विद्यार्थी अजिंक्य मुंबईच्या गोदीतली नोकरी सोडून परत आला आणि त्यानं सलामती चिखलातून वर काढली. सडक्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस ठोकून भरला. शीड ज्या लांब तिरक्या काठीला बांधतात, ती जुनी काठीही चिखलातच सापडली. तिच्या शेजारी ठेवून त्यानं नवी बनवून घेतली. मग माझ्याकडे आला. "बाई, शीड कोण शिवेल?"

मी त्याला खतिजाबींकडे नेलं. त्यांनी बटव्यातून जुनी सुई काढून दाखवली. गंजलेली नव्हती. अजिंक्यनं टेप काढला तसा त्यांनी तो हातानं बाजूला सारला. "त्याचं काय काम? माप माझ्या अंगणात हाय."

दोन महिने त्या शिवत होत्या. एप्रिलच्या अखेरीस शीड खाडीवर आलं. पाऊस लागायच्या आत सलामती एकदा तरी बाहेर काढायची, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. शीड काठीला बांधायला घेतलं आणि काठी उरली. चांगली चार हात.

गुलाम रसूलच्या हाताखाली खलाशी असलेला महिपत मोठ्यानं हसला. "काय भाभी, गलबताला झबलं शिवलंत?"

अजिंक्य पटकन पुढे झाला. "चूक माझी आहे, चाची. काठीच लांब झाली. उद्या कापतो."

काठी चुकलेली नाही हे त्याला माहीत होतं, मलाही. खतिजाबी नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी काठी कापली गेली असती, चूक अजिंक्यच्या नावावर गेली असती आणि सलामती लहान शिडानं चालली असती. त्यांनी काठीच्या उरलेल्या टोकावरून हात फिरवला.

"काठीला हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "काठी त्यांच्या मापाची हाय. चूक माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी पोचले, तर त्या हातात खडू घेऊन भर रस्त्यात वाकलेल्या. दहा वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला तेव्हा गडगा आत सरकला होता. तो बांधताना त्यांनीच गवंड्यांना चहा दिला होता. पण तेव्हा शिडं शिवणं बंद होतं, म्हणून दोरीला ते कळलंच नव्हतं.

शेजारच्या बाबूची रिक्षा येऊन थांबली. "चाची, रस्ता काय तुमच्या अंगणात हाय?"

"हाय ना! हितपर्यंत माझंच अंगण." त्यांनी डांबरावर रेघ ओढली. मागे दोन गाड्यांनी हॉर्न लावला. बाबूनंच खाली उतरून त्यांना थांबवलं. खतिजाबींनी रेघेपासून गडग्यापर्यंत हात मोजले. चार भरले.

जोडपट्टा शिवायला आठ दिवस लागले. दोरी ताणून धरायला महिपत रोज येत होता, आणि रोज बोलणी खात होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या वाऱ्यावर सलामती खाडीबाहेर पडली. दोन महिने अंगणात शिवताना मळलेलं शीड आणि त्याच्या कडेला नवा पांढरा पट्टा, किनाऱ्यावरूनही वेगळा दिसत होता. महिपत गलबतावरून ओरडला, "भाभी, आता अंगावर बसलं!" खतिजाबी माझ्या शेजारी वाळूत उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि वाळू गेली म्हणाल्या.

आता त्या बहात्तर वर्षांच्या आहेत. सध्या जयगडच्या एका गलबताचं शीड शिवतायत, अजिंक्यच्या टेपनं मोजून. सलामतीवर मात्र त्या अजून एकदाही बसलेल्या नाहीत. त्यांना बोट लागते.